वाळूतली वाटी

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मला खजिना सापडलेला नाही, मी खजिना शोधत नाही, आणि "काय मग, खजिना मिळाला का?" हा विनोद मला पुन्हा ऐकायचा नाही. इथल्या, परदेशातल्या आमच्या मराठी गटातल्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाने तो एकदा तरी केला आहे, आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्यालाच तो पहिल्यांदा सुचला.

मी मेटल डिटेक्टर घेऊन समुद्रावर फिरते. माझी नोकरी बुओना व्हिस्टाला, घर बुकित बातोकला, आणि सुट्टीची सकाळ ईस्ट कोस्टच्या वाळूत. पन्नाशीतल्या बायका योगाला जातात, सुगंधी मेणबत्त्या करतात, भरतकामाचे क्लास लावतात, त्यांना कोणी काही विचारत नाही. मी मात्र कानाला हेडफोन लावून, दांडीच्या टोकाची चकती वाळूवर फिरवत हळूहळू चालायला लागले की सगळ्यांना माझी काळजी वाटायला लागते.

नवऱ्याला सर्वांत जास्त. "एवढी शिकलेली बाई तू, भंगार गोळा करत फिरतेस. ऑफिसातलं कोणी बघितलं तर?"

"तर हात करीन," मी म्हणाले.

मुलीचं दुखणं वेगळं, आणि तेही इथल्या "लाह"वाल्या इंग्रजीत. "आई, प्लीज लाह, माझे फ्रेंड्स तिथे सायकलिंगला येतात." तिला मी सांगितलं की फ्रेंड्सना मी ओळख दाखवणार नाही. तेवढ्यावर आमचा तह झाला. मशीनचे भाग सुटे करून मी बॅडमिंटनच्या बॅगेत भरते आणि एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जाते. कोणी विचारलं तर बॅग उघडून दाखवते. जिथे परवानगी आहे तिथेच शोधते, खणलेला प्रत्येक खड्डा बुजवते, आणि किमती काही सापडलं तर पोलिसांकडे नेऊन देते. मग लाज कशाची?

शिवाय हे काम दिसतं तसं सोपं नाही. पहिले कित्येक महिने मला बाटल्यांची झाकणं आणि कॅनच्या कड्या यांच्याशिवाय काहीही मिळालं नाही. माझी चूक ही होती की मी भराभर चालत होते. चकती वाळूला जवळजवळ टेकवून, झाडू मारताना करतो तशी पण त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वेगाने फिरवायची असते, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवायची असते. भरतीच्या वेळी जाऊन उपयोग नाही. रिकाम्या, सुंदर किनाऱ्यावर जाऊनही नाही. जिथे माणसं चटया टाकतात, टॉवेल झटकतात, पोरांच्या अंगाला क्रीम चोळतात, तिथे जायचं. क्रीम लावताना अंगठी निसटते. ही गोष्ट मला कोणी शिकवली नाही, वाळूनेच शिकवली.

आणि सगळं खणायचं. मशीनला सांगता येतं की अमुक धातू लागला तर गप्प बस. नवशिक्यांना हे फार आवडतं. कचऱ्याचे आवाज नकोत म्हणून ते चॉकलेटच्या वेष्टनातल्या चांदीचा आवाजही बंद करून टाकतात, आणि पातळ सोन्याचा आवाज अगदी त्या चांदीसारखाच असतो. ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासते. "त्यात काही नाही, सोडून द्या," असं जिथे सगळे म्हणतात तिथेच हात घालायची खोड मला नोकरीने लावली आहे. म्हणून चांदी वाजली तरी मी खणते. फक्त लोखंडाचा आवाज मी बंद ठेवत असे. खिळे, तारा, तंबूच्या खुंट्या, किती म्हणून खणणार? हे सगळेच करतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अजून एक. शोधताना स्वतःच्या अंगावर धातू नको. वाकून वाळूत हात घातला की बांगड्या मध्ये येतात, गळ्यातलं लोंबतं आणि खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारं हातातलं छोटं यंत्र केकाटायला लागतं. म्हणून मी निघताना बांगड्या, अंगठी आणि मंगळसूत्र दाराशेजारच्या किल्ल्यांच्या खुंटीला अडकवून जाते. हे गटात कसं कळलं देव जाणे. त्यावरही नाकं मुरडून झाली.

आता पिकनिकबद्दल.

आमचा गट म्हणजे पंधरा-वीस घरं. पुण्या-मुंबईची आयटीवाली, बँकवाली मंडळी. त्या रविवारी ईस्ट कोस्टवर बार्बेक्यूची जागा घेतली होती. मी मशीन घेऊन जाणार होते, पण नवरा म्हणाला, "पिकनिकला तरी ते नको. चार लोकांत बसू या." मी बॅग घरी ठेवली. एरवी मी त्याचं ऐकत नाही, त्या दिवशी नेमकं ऐकलं.

गटातली माझी सगळ्यांत आवडती बाई वुडलँड्सला राहते. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. झोपेत, काही कल्पना नसताना. लोकांना वाटलं ती आता पुण्याला परत जाईल. ती गेली नाही. अकाउंटंटची नोकरी चालू ठेवली, मुलाचं कॉलेज चालू ठेवलं, आणि पिकनिकला यायचंही चालू ठेवलं. ती आली की काही बायका आवाज खाली आणतात, जणू ती आजारी आहे. तिला ते कळतं. ती मुद्दाम मोठ्याने बोलते.

जेवणाआधी बायकांची रस्सीखेच झाली. ती आमच्या बाजूला सगळ्यांत पुढे होती, टाचा वाळूत रोवून, ओढणी कमरेला बांधून. आम्ही जिंकलो. सगळ्या एकमेकींच्या अंगावर कोसळलो, आणि हसता हसता ती एकदम गप्प झाली. तिच्या कुर्त्याच्या गळ्यातून काळे मणी गळत होते.

ती मंगळसूत्र घालत होती. आत, कपड्यांखाली, दोन वर्षं. आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. दोर छातीशी घासला, सर बाहेर ओढला गेला आणि तुटला.

सगळ्या गुडघ्यांवर बसून शोधायला लागल्या. मणी मिळाले, सगळे नाहीत. एक वाटी मिळाली. मराठी मंगळसूत्राला दोन वाट्या असतात, एक माहेरची, एक सासरची. मिळाली ती माहेरची होती, भरीव, जड. दुसरी मिळेना. थोड्या वेळाने शोधणाऱ्यांची पाठ दुखायला लागली, मग पनीर करपायला लागलं, मग एकेक जण उठली. शेवटी आम्ही दोघीच उरलो. तेव्हा गटातल्या सगळ्यांत ज्येष्ठ वहिनी जवळ आल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जाऊ दे गं. तसंही आता तुला त्याचा काय उपयोग?"

त्या हे प्रेमाने म्हणाल्या. म्हणूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली. रागाने म्हणाल्या असत्या तर मी भांडून मोकळी झाले असते. उपयोग! मंगळसूत्र काय मिक्सर आहे, उपयोग संपला की द्यायला? मी म्हणाले, "वहिनी, तुमच्या लग्नातली पैठणी तुम्हाला आता होत नाही. देऊन टाकलीत?" वहिनींचा चेहरा उतरला, नवऱ्याने लांबून डोळे मोठे केले. मी डोळे त्याच्याहून मोठे केले.

ती मात्र हातातल्या वाटीकडे बघत जराशी हसली. "माहेरचं राहिलं ताई. सासरचं तेवढं गेलं."

परतताना स्टेशनच्या बाकावर तिने मला त्या हरवलेल्या वाटीची हकीगत सांगितली. ती तिच्या नवऱ्याने करून घेतलेली होती, लग्नाआधी, पहिल्या पगारातून, आईला सोबत घेऊन. पैसे बेताचे, त्यामुळे सोनं अगदी पातळ. सोनाराने आत लाख भरून तिला आकार दिला होता. "तुझ्या माहेरची भरीव, माझी पोकळ," असं तो तिला आयुष्यभर चिडवायचा. त्याचे कपडे तिने देऊन टाकले होते. चष्मासुद्धा दिला होता. ठेवलं होतं ते एवढंच.

"मी शोधून देते," मी म्हणाले.

"किनारा साफ करतात ना रोज?"

"करू देत."

बोलून गेले खरी. पोकळ, पातळ, नखाएवढी वाटी. साफसफाईच्या दाताळ्यांनी ती कुठल्या कुठे गेली असती, किंवा पिशवीतच भरली गेली असती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पोचले. वुडलँड्सहून ती आली, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात पोहे घेऊन. रस्सीखेच झाली ती जागा मी टाचेने रेघा ओढून आखली, उभ्या पट्ट्या केल्या आणि एकेक पट्टी घासून काढली. उभी झाली की तीच आडवी. ती झाडाखाली चटईवर बसून माझ्याकडे बघत होती. मला चॉकलेटची चांदी मिळाली, झाकणं मिळाली, कोणाची तरी सायकलच्या कुलुपाची किल्ली मिळाली. दर वेळी मी वाकले की ती अर्धी उठायची, आणि मी मान हलवली की परत बसायची. ते उठणं-बसणं मला बघवेना. शेवटी मी तिच्याकडे पाठ करून शोधायला लागले.

वाटी मिळाली नाही.

त्या आठवड्यात मी सगळ्यांचं सगळं ऐकलं. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की भावना समजतात, पण माणसाने पुढे जायला शिकलं पाहिजे. खाली हात जोडल्याचं चित्र. कोणीतरी सुचवलं की वर्गणी काढून तिला छानसं पेंडंट घेऊ. नवरा म्हणाला, "ती स्वतः काही म्हणत नाहीये. तूच हट्टाला पेटली आहेस. तुला तुझं मशीन खरं करून दाखवायचंय."

हे शेवटचं वाक्य झोंबलं, कारण त्यात थोडं तथ्य होतं. दाखवायचंच होतं मला. दोन वर्षं लोकांनी टिंगल केलेल्या छंदाने एकदा तरी कोणाचे दात घशात घालावेत, असं वाटत होतं. त्यात काय चुकलं? मी त्याला म्हणाले, "हो, दाखवायचंय. आणि तिची वाटीही तिला द्यायचीय. दोन्ही एकदम होऊ शकतं." तो पेपर वाचायला लागला. हरला की तो पेपर वाचतो.

शनिवारी सकाळी मी पुन्हा निघाले. बूट घातले, बांगड्या काढल्या, अंगठी काढली, मंगळसूत्र काढून खुंटीला अडकवलं, आणि ते अडकवताना किणकिणलं. मी दाराला हात लावला, आणि थांबले.

ते का किणकिणलं? सोनं आणि काचेचे मणी असे किणकिणत नाहीत. मी वळून बघितलं. माझ्या मंगळसूत्राला तीन सेफ्टी पिना लटकत होत्या. एक मोठी, दोन बारक्या. पदराला लागतात, ओढणीला लागतात, आयत्या वेळी मिळत नाहीत म्हणून गळ्यातच अडकवून ठेवलेल्या. माझ्या आईच्या मंगळसूत्राला असायच्या, सासूबाईंच्या असायच्या. आपल्याकडे कोणाच्या नसतात? आणि मंगळसूत्राचं वर्णन करताना कोणी पिनांचं नाव घेतं का? मीही घेतलं नसतं. त्या आपल्याला दिसतच नाहीत.

पिना लोखंडाच्या असतात. आणि छोट्या सोन्याला लोखंड बिलगून असेल तर मशीनला फक्त लोखंड ऐकू येतं. आणि लोखंड लागलं तर गप्प राहायला मी त्याला सांगितलेलं. म्हणजे चकती त्या वाटीवरून गेली असती, उभी आणि आडवी, तरी मशीनने चकार शब्द काढला नसता.

मी तिथूनच तिला फोन लावला. "तुझ्या मंगळसूत्राला सेफ्टी पिन होती का?"

 ती म्हणाली, "होती. वाटीची कडी तुटली होती ना. त्यानेच पिन लावून दिली होती. म्हणाला, रविवारी लिटल इंडियात जाऊन सोनाराकडून करून घेऊ. त्या रविवारी तो नव्हता. मग मी ती केलीच नाही."

"निघ," मी म्हणाले. "पोहे आण."

यावेळी मी लोखंडाचं तोंड उघडं केलं. काय सांगू तो गोंगाट! बार्बेक्यूची जागा ती. जळक्या खोक्यांचे खिळे, कोळशाच्या पोत्यांच्या तारा, खुंट्या, स्टेपलच्या पिना, मशीन एकसारखं डुरकत होतं. मी प्रत्येक डुरकण्याला खणलं. खिळा. तार. खिळा. बाटलीचं झाकण. तार. चाळणीत वाळू घ्यायची, हलवायची, बघायचं, खिळा पिशवीत टाकायचा, खड्डा बुजवायचा, पुढे. कंबर मोडायची वेळ आली. पळायला आलेले लोक बघत होते. एका गृहस्थांनी अंगठा वर करून विचारलं, "ट्रेझर?" मी त्यांना खिळ्यांची पिशवी दाखवली.

ती या वेळी चटईवर बसली नाही. माझ्या मागोमाग गुडघ्यांवर सरकत खड्डे बुजवत होती.

ऊन डोक्यावर यायच्या बेताला, आखलेल्या पट्ट्यांच्या जरा बाहेर, बहुधा साफसफाईच्या दाताळ्याने तिथवर ओढलेल्या वाळूत, एक डुरकणं आलं. त्यात काही खास नव्हतं. मी खोटं सांगणार नाही, माझ्या मनात काही चमकलं बिमकलं नाही. मी फार दमले होते आणि हा अजून एक खिळा आहे असंच मला वाटलं. चाळणी हलवली. वाळू गळून गेली. तळाशी एक सेफ्टी पिन होती, एका बाजूने गंजलेली, बंद. आणि तिच्यात अडकलेली ती वाटी, थोडी चेपलेली.

मी चाळणी तशीच तिच्यासमोर धरली.  तिने वाटी उचलली नाही. आधी पिनेवरून बोट फिरवलं, ती बंद आहे का ते बघितलं. मग ती वाळूत बसून मोठ्याने रडली, आजूबाजूला कोण आहे याची पर्वा न करता, आणि मीही रडले. दोन पन्नाशीच्या आसपासच्या बायका खिळ्यांच्या पिशवीशेजारी बसून रडताहेत, असं ते दृश्य होतं. सायकलवरून जाणाऱ्यांमध्ये माझ्या मुलीचे फ्रेंड्स असतील तर त्यांनी पोटभर बघितलं असेल. मग आम्ही पोहे खाल्ले.

त्या संध्याकाळी मी नवऱ्यासमोर खिळ्यांची पिशवी फक्त जेवणाच्या टेबलावर ठेवली. त्याने ती उचलून वजन बघितलं, आणि पुढच्या शनिवारी न विचारता माझी बॅग स्टेशनपर्यंत आणून दिली. माफी वगैरे त्याने मागितली नाही. मीही मागायला लावली नाही.

गुढीपाडव्याचं जेवण गटातल्या एकांच्या कॉन्डोमध्ये होतं. ती निळ्या साडीत आली, केसांत गजरा नव्हता, कपाळावर छोटी टिकली होती. आणि मंगळसूत्र साडीच्या वर होतं. सगळ्यांना दिसेल असं, मधोमध. मणी नव्याने ओवलेले, माहेरची वाटी नीट कडीत, आणि सासरची, चेपलेली, त्या गंजक्या पिनेत.

खोलीतले आवाज खाली गेले. ती सरळ वाढपाच्या टेबलाशी गेली आणि नेहमीसारखं मोठ्याने म्हणाली, "श्रीखंड कोणी केलंय? वेलची कमी आहे."

वहिनी तिच्याजवळ गेल्या. मी हातातली ताटली ठेवली आणि भांडायच्या तयारीने पुढे सरकले. वहिनींनी मंगळसूत्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "अगं, ती पिन तरी बदल. गंजलीये. वाटी पुन्हा पडेल."

तिने पिनेवर हात ठेवला.

"नाही वहिनी," ती म्हणाली. "सापडली ती पिनच. वाटी तिच्याबरोबर आली."